घरच्या कॉम्प्युटरला अँटीव्हायरस विकत घ्यावा का?

जुळे सोलापुरातल्या एका शिक्षिका ताईंचा प्रश्न आहे. लॅपटॉप घेऊन वर्ष झालं. सोबत फुकट मिळालेल्या अँटीव्हायरसची मुदत संपली आणि आता रोज कोपऱ्यात ‘तुमचा कॉम्प्युटर असुरक्षित आहे’ अशी लाल पाटी येते. ज्यांच्याकडून लॅपटॉप घेतला ते म्हणतात, तीन वर्षांचं एकदम रिन्यू करा, स्वस्तात पडेल. पुण्यात नोकरीला असलेला भाचा म्हणतो, मावशी, एक रुपया घालू नकोस, विंडोजमध्ये सगळं असतं. लॅपटॉपवर त्या पेपर काढतात, यजमान बँकेचे व्यवहार बघतात, बारावीतली मुलगी अभ्यास करते. कोणाचं ऐकायचं?

ताई, भाच्याचं ऐका. पण त्याचं उत्तर अर्धं आहे, आणि राहिलेल्या अर्ध्यापायीच माझ्या टेबलावर मशिनी येतात.

मी सोलापूरच्या नवी पेठेत बावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. अँटीव्हायरस विकतोही. एका बॉक्समागे मला चार पैसे सुटतात, हे तुम्हाला आधी माहीत असलेलं बरं.

दुकान टाकलं तेव्हा विंडोज एक्सपीचे दिवस होते. त्या दिवसांत अँटीव्हायरस न टाकता मशीन देणं म्हणजे गिऱ्हाइकाला वाऱ्यावर सोडणं होतं. एक्सपीत स्वतःचा अँटीव्हायरस नव्हताच. पेनड्राइव्ह लावला की त्यातला व्हायरस ‘ऑटोरन’च्या वाटेने आपसूक चालू व्हायचा. कॉलेजची पोरं झेरॉक्सच्या दुकानातून, नेट कॅफेतून पेनड्राइव्ह फिरवून आणायची आणि संध्याकाळपर्यंत घरच्या मशीनवरचे फोल्डर गायब होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसायला लागायचे. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०११ मध्ये अपडेट पाठवून जुन्या विंडोजमधलं पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद केलं, तेव्हा कुठे हा लोंढा ओसरला. नव्वदच्या दशकात रहिमतपूरच्या कैलास काटकर आणि त्यांचे भाऊ संजय यांनी पुण्यात उभं केलेलं क्विक हील त्या काळात आपल्याकडे कितीतरी घरांत होतं. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या आपल्या माणसाने ही गरज ओळखली, याचं मला आजही कौतुक वाटतं.

(फोल्डरांचे शॉर्टकट करणारा तो व्हायरस अजूनही अधूनमधून एखाद्या जुन्या पेनड्राइव्हवर भेटतो. त्यात तुमचे फोल्डर गेलेले नसतात, फक्त लपवलेले असतात. पेनड्राइव्हला फॉरमॅट मारू नका आणि त्या शॉर्टकटवर क्लिकही करू नका. जाणकाराकडे न्या, दहा मिनिटांचं काम आहे.)

म्हणजे लॅपटॉप विकणारे तुम्हाला देतात तो सल्ला एकेकाळी अगदी बरोबर होता. मग बदललं काय? मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये ‘सिक्युरिटी इसेन्शियल्स’ नावाचा फुकट अँटीव्हायरस दिला, तो वेगळा टाकावा लागायचा. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि अँटीव्हायरस विंडोजच्या आतच बसवून मिळायला लागला. आज विंडोज ११ मध्ये त्याचं नाव डिफेंडर. तुमच्या लॅपटॉपमध्ये तो पहिल्या दिवसापासून आहे. सोबत आलेला दुसरा अँटीव्हायरस चालू असल्यामुळे तो बाजूला सरकून बसला आहे, इतकंच. एका मशीनवर दोन अँटीव्हायरस एकमेकांच्या पायात पाय घालतात, म्हणून दुसरा आला की डिफेंडर स्वतःहून मागे होतो.

तो कितपत चांगला? जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्हज या दोन संस्था सगळ्या अँटीव्हायरसच्या नियमित चाचण्या घेतात. सुरुवातीच्या काही वर्षांत डिफेंडर त्यांच्या तक्त्यात तळाशी असायचा आणि तेव्हा मीही लोकांना त्याच्या भरवशावर राहू नका म्हणून सांगायचो. गेली कित्येक वर्षं तो पैसे देऊन घ्यायच्या नावाजलेल्या अँटीव्हायरसच्या बरोबरीने गुण घेतो आहे. तत्त्व सगळ्यांचं आता एकच झालंय. पूर्वीचा अँटीव्हायरस म्हणजे हवालदाराजवळची गुन्हेगारांच्या फोटोंची वही: फोटो जुळला तर पकडणार. आता रोज इतके नवे चेहरे तयार होतात की वही पुरत नाही. म्हणून अँटीव्हायरस वागणूक बघतो. एखादा प्रोग्रॅम चालू झाल्या झाल्या एकामागून एक शेकडो फाइली उघडून बदलायला लागला तर त्याचा हात धरायचा. अनोळखी फाइल दिसली तर तिची खूण इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला पाठवून विचारायचं, ही कुठे पाहिली आहे का? डिफेंडर हे सगळं करतो. पैसे देऊन वर जे मिळतं ते बहुतेक व्हीपीएन, पासवर्ड सांभाळणारं अ‍ॅप, ‘स्पीड वाढवा’वालं बटण, मुलांवर लक्ष ठेवायची सोय अशा स्वरूपाचं असतं. शेवटची सोय मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली सेफ्टीत फुकट आहे.

दुकानात कोणाला डिफेंडरवर विश्वास बसत नसेल तर मी एक प्रयोग दाखवतो. अँटीव्हायरस कंपन्यांनी मिळून तपासणीसाठी ६८ अक्षरांची एक ओळ ठरवली आहे, तिला आयकार चाचणी म्हणतात. ती पूर्णपणे निरुपद्रवी आहे, पण सगळ्या अँटीव्हायरसनी तिला व्हायरस समजायचं असा करार आहे. नोटपॅड उघडून मी ती ओळ टाकतो आणि डेस्कटॉपवर सेव्ह करतो. फाइलचं चिन्ह उमटतं न उमटतं तोच उजव्या कोपऱ्यात ‘धोका सापडला’ अशी सूचना येते आणि फाइल उघडायला जावं तर हाती लागत नाही. यावरून पकडायची ताकद किती आहे ते कळत नाही, पण रखवालदार जागा आहे हे डोळ्यांनी दिसतं. बरेच जण तेवढ्याने निश्चिंत होतात.

आता ती लाल पाटी. ‘कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आलाय’ म्हणत जे माझ्याकडे येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या मशीनमध्ये व्हायरस नसतो, फक्त पाटी असते. म्हणून पाटी कोणाची आहे ते ओळखायला शिका, ताई. मुदत संपलेल्या अँटीव्हायरसची पाटी ही एक. ती खरी असते, पण तिचा अर्थ ‘आमचे पैसे संपले’ एवढाच. त्यावर उपाय म्हणजे सेटिंग्जमधल्या ‘अ‍ॅप्स’मध्ये जाऊन तो अँटीव्हायरस अनइन्स्टॉल करणं आणि मशीन रीस्टार्ट करणं. मग ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’समोर हिरवी खूण आली का ते बघायचं. मुदत संपलेला अँटीव्हायरस तसाच राहू देणं सगळ्यांत वाईट. त्याची वही जुनी होत जाते आणि घरात रखवालदार आहे असा आपला समज मात्र कायम राहतो.

दुसरी पाटी ब्राउझरची. मागच्या महिन्यात एक निवृत्त गृहस्थ लॅपटॉप घेऊन आले. सुरू केल्यावर पाच मिनिटांत उजव्या कोपऱ्यात एकावर एक सात सूचना आल्या: ‘५ व्हायरस सापडले’, ‘तुमचं बँक खातं धोक्यात’, प्रत्येकावर एका प्रसिद्ध अँटीव्हायरसच्या लोगोसारखं चित्र. घाबरून त्यांनी दोनदा पैसे भरले होते. मी सूचनेच्या तळाची बारीक अक्षरं मोठी करून दाखवली. तिथे क्रोमचं नाव आणि कुठल्याशा अनोळखी वेबसाइटचा पत्ता होता. कधीतरी क्रिकेटची मॅच फुकट दाखवणाऱ्या साइटवर ‘पुढे जाण्यासाठी अलाउ दाबा’ असं आलं असणार आणि त्यांनी ते दाबलं असणार. म्हणजे त्या साइटला स्क्रीनवर वाटेल ते चिकटवायची परवानगी त्यांनी स्वतःच दिली होती. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’, त्यात ‘नोटिफिकेशन्स’. तिथल्या अनोळखी साइटी काढल्या, एवढंच. पैसे घेतले नाहीत, कारण घेण्यासारखं काम नव्हतं. त्यांचे आधीचे दोनदा भरलेले पैसे मात्र गेले ते गेलेच.

तिसरी पाटी सगळ्यांत घातक. अख्खा स्क्रीन निळा किंवा लाल, कर्कश आवाज, ‘कॉम्प्युटर बंद करू नका, या नंबरवर मायक्रोसॉफ्टला फोन करा’. मायक्रोसॉफ्टच्या कुठल्याही खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो, एवढी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना पाठ करायला लावा. फोन केला की पलीकडचा माणूस गोड बोलून एनीडेस्कसारखं अ‍ॅप टाकायला लावतो. मग तुमचा माउस त्याच्या हातात आणि तुमची बँकही त्याच्या हातात. यात व्हायरस नसतोच, त्यामुळे कुठल्याही किमतीचा अँटीव्हायरस यातून पुरतं वाचवू शकत नाही. अशी पाटी आली तर एफ-११ दाबा किंवा एस्केप थोडा वेळ दाबून ठेवा, ब्राउझर बंद करा, जमलं नाही तर पॉवरचं बटण दाबून ठेवा. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळण्याआधी अडवायचे असतात, त्यामुळे तिथे तासाला नाही, मिनिटाला किंमत आहे.

भाच्याचं उत्तर अर्धं आहे म्हटलं, ते आता सांगतो. हा प्रसंग सांगताना मला अजून त्रास होतो.

चार-पाच वर्षांपूर्वी ऐन लगीनसराईत एक तरुण फोटोग्राफर सकाळी शटर उघडायच्या आधीच दारात उभा होता. रात्री झोपलेला दिसत नव्हता. मशीन उघडलं. डेस्कटॉपवर प्रत्येक फाइलच्या नावापुढे चार अक्षरांचं भलतंच शेपूट लागलं होतं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची एक टेक्स्ट फाइल पडली होती. तुमच्या फाइली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली ९८० डॉलरला, ७२ तासांत संपर्क केला तर ४९० डॉलरला. खाली एक लांबलचक वैयक्तिक क्रमांक. हे स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाचं रॅन्समवेअर. मोठ्या कंपन्यांपेक्षा घरगुती लोकांनाच याने जास्त लुबाडलं आहे. त्या मशीनमध्ये तीन लग्नं होती.

आणि त्या मशीनमध्ये पैसे देऊन घेतलेला, मुदतीतला, चांगल्या कंपनीचा अँटीव्हायरस होता.

मी विचारलं, काल काय टाकलंस? आधी काही नाही म्हणाला. मग हळूच म्हणाला, अल्बम डिझाइनचं सॉफ्टवेअर हवं होतं. एका व्हिडिओत क्रॅकची, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर पैसे न भरता चालवून देणाऱ्या प्रोग्रॅमची, लिंक होती. त्यात पहिलीच सूचना होती की अँटीव्हायरस दहा मिनिटं बंद करा, नाहीतर तो क्रॅकला खोटाच व्हायरस समजेल. याने बंद केला. मग स्क्रीनवर विंडोज अपडेट चालू असल्यासारखी खिडकी आली, टक्के हळूहळू चढत गेले, आणि हा चहा प्यायला गेला. ती खिडकी बनावट असते. तिच्याआड फाइली कुलूपबंद होत असतात.

पुढचे दोन दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. ‘रीडमी’तल्या त्या वैयक्तिक क्रमांकाची शेवटची दोन अक्षरं टी१ असतील तर कुलूप ठरावीक किल्लीने लावलेलं असतं आणि एम्सिसॉफ्ट या अँटीव्हायरस कंपनीच्या २०१९ पासून फुकट मिळणाऱ्या साधनाने ते कधीकधी उघडतं. याच्या क्रमांकात ती अक्षरं नव्हती. म्हणजे किल्ली त्याच्याच मशीनसाठी वेगळी बनवलेली आणि चोरांच्या सर्व्हरवर. विंडोज स्वतः ठेवतं त्या जुन्या प्रतीही या रॅन्समवेअरने पुसल्या होत्या. एक फट मात्र होती. घाईत काम उरकायचं म्हणून हे रॅन्समवेअर फाइलचा सुरुवातीचा साधारण १५० केबी भागच बिघडवतं. दोन-चार जीबीच्या व्हिडिओत तेवढा भाग म्हणजे काहीच नाही. त्याच कॅमेऱ्याची एक चांगली फाइल नमुना म्हणून देऊन व्हिडिओची सुरुवात परत बांधता येते. अशा रीतीने तीनही लग्नांचे बरेचसे व्हिडिओ निघाले. फोटोंच्या बाबतीत तसं झालं नाही. एका लग्नाचं मेमरी कार्ड अजून पुसलं नव्हतं, म्हणून ते वाचलं. एका लग्नाचे फोटो पाहुण्यांच्या मोबाइलवरून गोळा केले. तिसऱ्याचे गेले. त्या नवरीच्या वडिलांना हे सांगायला तो एकटाच गेला होता.

पैसे भरू नकोस असं मी त्याला सांगितलं आणि आजही सगळ्यांना तेच सांगतो. किल्ली मिळेलच याची खात्री नसते आणि तुम्ही पैसे देणारे आहात हे त्यांना कळतं. युरोपोल आणि डच पोलिसांनी इतरांच्या मदतीने २०१६ मध्ये ‘नो मोअर रॅन्सम’ ही वेबसाइट सुरू केली, तिथे बऱ्याच प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात. बिघडलेल्या फाइली पुसू नका, एका बाजूला जपून ठेवा. एखाद्या प्रकाराची किल्ली पुढे हाती लागतेही. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: या रॅन्समवेअरसोबत बऱ्याचदा पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्रॅमही येतो. म्हणून अशा वेळी दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून सगळे पासवर्ड बदलायचे असतात, ईमेल आणि बँक सगळ्यांत आधी.

म्हणून ताई, अँटीव्हायरस कुठला, फुकटचा की विकतचा, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. घरातलं कोणी तो बंद करतं का, हा खरा प्रश्न. आपल्या गावात क्रॅकचं वेड मोठं आहे आणि त्यामागे लोकांची गरज आहे, हे मी नाकारत नाही. फ्लेक्सवाल्याला कोरलड्रॉ हवं, डीटीपीवाल्याला मराठी फॉन्ट हवे, चादर-टॉवेलच्या कारखान्यात जकार्डचं डिझाइन बनवायचं असतं, शिकणाऱ्या पोराला ऑफिस हवं. मूळ सॉफ्टवेअरची किंमत ऐकून माणूस मागे सरतो. ‘विंडोज टाकून द्या’ म्हणत मशीन येतं तेव्हा त्यात अ‍ॅक्टिव्हेटर, म्हणजे परवाना न घेता विंडोज चालवून देणारा प्रोग्रॅम, टाकून देणं ही आमच्या धंद्यातली जुनी सवय आहे. तो अ‍ॅक्टिव्हेटर चालावा म्हणून डिफेंडर बंद केला जातो आणि नंतर तो चालू करायला कोणी येत नाही. तुमचं मशीन कोणाकडे दुरुस्तीला दिलं असेल तर परत आल्यावर पहिलं काम म्हणजे ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडणं. ‘एक्सक्लूजन्स’ नावाची यादी असते, तिच्यात सी ड्राइव्ह किंवा एखादा फोल्डर घातलेला दिसला तर समजा की रखवालदाराला तिकडे बघू नकोस असं कोणीतरी सांगून ठेवलं आहे. ती नोंद काढायला लावा.

तुमच्या घरात क्रॅकची गरज पडेल असं मला वाटत नाही. प्रश्नपत्रिका काढायला लिबरऑफिस किंवा गूगल डॉक्स पुरतं. मराठी टायपिंग विंडोजमध्येच युनिकोडमधून येतं. मुलीला व्हिडिओ करायचे असतील तर डाव्हिन्ची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती तिला कित्येक वर्षं पुरेल. गेममध्ये बदल करणाऱ्या ‘मॉड’ आणि ‘चीट’ फाइलींचा धोका मात्र तिला समजावून सांगा, रागावून नाही. पोरं लपवतात ती रागावल्यामुळे, आणि लपवल्यामुळे दोन दिवस उशीर होतो. रॅन्समवेअरच्या बाबतीत दोन दिवस फार होतात.

अपडेटबद्दलही बोलायला हवं. ‘अपडेट बंद करून द्या’ अशी विनंती मला आठवड्याला दोन-तीनदा होते. कारणं खरी आहेत. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा संपतो, अपडेट मधेच असताना लाइट जाते, सकाळी घाईच्या वेळी मशीन अर्धा तास अडकतं. तरीही मी बंद करून देत नाही. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर जगभर पसरलं. कोणी काही न दाबता ते एका मशीनवरून दुसऱ्यावर उड्या मारत गेलं. ज्या भोकातून ते शिरलं ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, १४ मार्चलाच दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं होतं त्यांची मशिनी सुखरूप राहिली. हॉटस्पॉट वापरत असाल तर वायफायच्या सेटिंगमध्ये ते कनेक्शन ‘मीटर्ड’ करून ठेवा, मोठी अपडेट थांबून राहतील. मग रविवारी दुपारी चार्जर लावून, लाइट आहे तोवर, स्वतः अपडेट चालवा.

तुमचं मशीन वर्षभराचंच आहे, म्हणजे विंडोज ११ असणार. पण तुमच्यासारख्याच कितीतरी घरांत अजून विंडोज १० आहे. त्याची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. नाव नोंदवलं तर घरगुती वापरणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळतात. डिफेंडरची वही त्यापुढेही, २०२८ पर्यंत अपडेट होत राहील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. पण भिंतीला पडलेलं भोक रखवालदाराला बुजवता येत नाही. अशा जुन्या मशीनवर विकतचा अँटीव्हायरस टाकून ‘आता चिंता नाही’ म्हणणं मला पटत नाही. जुन्या आय-थ्री प्रोसेसरच्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. नुसतं इंटरनेट आणि टायपिंग असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकून घ्या. मी गेल्या वर्षभरात बऱ्याच जणांना टाकून दिलं, वापरायला अडचण येत नाही.

मग विकतचा घ्यावाच कोणी? माझ्याकडून काही जण घेतात आणि त्यांना मी अडवत नाही. घरच्याच मशीनवर दुकानाचा टॅली आणि जीएसटीचं काम चालतं त्यांनी घ्यावा, कारण तिथे फोन उचलून मदत मागायला कोणीतरी लागतं. ज्या मशीनला नेट क्वचितच मिळतं आणि पेनड्राइव्ह मात्र दहा जणांचे लागतात, तिथेही विकतच्या अँटीव्हायरसचा उपयोग होतो, कारण डिफेंडरची बरीचशी ताकद नेटवरून होणाऱ्या विचारपुशीत आहे. घरात आजी-आजोबा एकटे असतील आणि मराठीत बोलणारी सपोर्टची माणसं हवी असतील, तर तेही कारण मला खरं वाटतं. फुकटच्या इतर अँटीव्हायरसची शिफारस मात्र मी करत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले, कारण लोक कुठल्या साइटवर काय बघतात याची माहिती विकली गेली होती. अँटीव्हायरस घरातली प्रत्येक फाइल बघतो. तो कोणाच्या हातात देतोय याचा विचार करायला हवा.

मोबाइलबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सध्या सोलापुरात जास्त नुकसान तिथून होतंय. व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीच्याच नंबरवरून ‘लग्नपत्रिका’ येते, ‘आरटीओ चलान’ येतं, आणि फाइलच्या शेवटी ‘एपीके’ असतं. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते, एपीके कधीच नसते. ते अ‍ॅप तुमचे एसएमएस वाचतं, म्हणजे ओटीपी वाचतं. उघडू नका, आणि ज्याच्याकडून आलं त्याला फोन करून सांगा, कारण त्याचा मोबाइल गेलेला आहे.

आता तुमच्या लॅपटॉपचं. जुना अँटीव्हायरस काढलात, हिरवी खूण आली, की ‘मॅनेज सेटिंग्ज’मध्ये ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ चालू आहे का बघा. याने दुसरा प्रोग्रॅम गुपचूप डिफेंडर बंद करू शकत नाही. ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये नको असलेली अ‍ॅप अडवायची सोय आहे, तीही चालू करा. मुलीसाठी वेगळं साधं अकाउंट काढा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं नको. काही इन्स्टॉल करताना तुमचा पासवर्ड मागेल आणि त्या निमित्ताने काय टाकतेय याचं बोलणं होईल. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये फाइलींची शेपटं दिसतील असं करून ठेवा, म्हणजे पीडीएफचं चित्र लावून आलेली ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅमची, फाइल ओळखू येईल. ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’मध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ आहे, तो बंदच येतो. तो चालू केला की अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या डॉक्युमेंट आणि फोटोंना हात लावता येत नाही. सुरुवातीला एखाद्या चांगल्या प्रोग्रॅमलाही अडवतो, तेव्हा त्याला परवानगी द्यावी लागते. तेवढा त्रास मी माझ्या घरच्या मशीनवर सोसतो.

आणि तीन वर्षांच्या रिन्यूला जे पैसे काढून ठेवले आहेत, त्यात थोडी भर घालून १ टीबीची बाहेरून लावायची हार्ड डिस्क घ्या. महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी म्हणा हवं तर, फोटो, प्रश्नपत्रिका आणि मुलीचं अभ्यासाचं फोल्डर तिच्यावर कॉपी करा. कॉपी झाली की केबल काढून डिस्क कपाटात ठेवा. लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर मशीनसोबतच कुलूपबंद करतं. त्या फोटोग्राफरकडे तशी एक डिस्क होती. ती लॅपटॉपला लावलेलीच होती.